समरीची नोटीस आली म्हणजे केस संपली नाही : सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना खुलं पत्र

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व, जत, पलूस, खानापूर भागातल्या द्राक्ष आणि बेदाणा करणाऱ्या सगळ्या भावाबहिणींनो,

नमस्कार. मी तुमच्यातलाच एक, दोन एकर बाग, एक एकर सुपर सोनाक्का आणि एक एकर माणिक चमन. मी वकील नाही, घरात कोण वकील नाही, पोलिसात पण कोण नाही. पण व्यापाऱ्यानं पैसे बुडवल्यावर काय काय होतं ते आमच्या घरानं दोनदा बघितलंय, एकदा घरातल्या थोरल्या माणसाच्या, आमच्या अण्णांच्या वेळी २०१९ ला आणि एकदा माझ्या वेळी २०२३ ला, आणि पहिल्या वेळी जी चूक झाली ती तुमच्यातल्या कुणाची होऊ नये म्हणून हे लिहितोय.

मागच्या आठवड्यात बेदाण्याच्या सौद्याला गेलो होतो तिथं एक ओळखीचे काका भेटले. त्यांचे चार लाख एका व्यापाऱ्याकडं अडकलेत, फिर्याद दिलेली, गुन्हा पण दाखल झालेला. विचारलं काय झालं पुढं तर म्हणाले, "कशाचं काय, पोलिसांनी बंद केली केस." म्हटलं कोर्टाचा कागद आलाय का काय? तर म्हणाले आलाय, कपाटात हाय, आता त्याचा काय उपयोग. असं सांगणारा या हंगामातला हा तिसरा माणूस. तिघांनाही वाटतंय की पोलिसांनी केस बंद करायचा अहवाल दिला, ज्याला समरी म्हणतात, म्हणजे निकाल लागला. निकाल लागलेला नाही हो. पोलिसांचा अहवाल हे पोलिसांचं मत असतं, आणि ते मत मान्य करायचं का नाही हे ठरवायचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याचा, म्हणजे आपल्या तालुक्याच्या जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टातल्या न्यायाधीशाचा आहे. तो कपाटातला कागद म्हणजे कोर्ट तुम्हाला विचारतंय, की बाबा पोलीस असं म्हणतायत, तुझं काय म्हणणं आहे? आणि आपण उत्तरच देत नाही.

आधी अण्णांचं सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारीत एका व्यापाऱ्याला माल दिला. १९०० पेटी, चार किलोची, १६० रुपये दर ठरला, ३ लाख ४ हजार झाले. ५० हजार इसार दिला आणि बाकीचे आठ दिवसात पट्टीबरोबर देतो म्हणून गाडी भरून गेला तो गेलाच. मे महिन्यात कसाबसा गुन्हा दाखल झाला. मग ऑगस्टात महापूर आला, सांगली पाण्यात, सगळे पोलीस बंदोबस्ताला, आमची केस कोण बघणार, ते आम्ही पण समजून घेतलं. त्यानंतर दिवाळीच्या सुमाराला तो अवकाळी पाऊस, तुम्हाला सगळ्यांना आठवत असंल, डाऊनी रोगानं बागा काळ्या पडलेल्या, अण्णा दिवसातनं दोन दोन फवारण्या करत होते. अशात एक दिवस एक हवालदार बांधावर आले. "अण्णा, कोर्टाचा कागद आहे, इथं सही करा, आणि हितं पण एक करा." अण्णा चौथी शिकलेले, चष्मा घरी, हाताला मोरचूद लागलेलं. त्यांनी तशीच सही केली, दोन्ही कागदांवर निळी बोटं उमटली, आणि परत पंप उचलला.

२०२१ ला मी कोर्टातनं नकला काढल्या तेव्हा तो दुसरा कागद बघितला. त्यावर टाईप केलेलं होतं की सदरचा समरी अहवाल मला मान्य असून माझी काही एक तक्रार नाही. खाली अण्णांची सही आणि निळा डाग. त्या कागदाच्या जोरावर डिसेंबर २०१९ मध्येच समरी मंजूर झालेली. कोर्टाचं तरी काय चुकलं, फिर्यादीच म्हणतोय तक्रार नाही. वकील म्हणाले रिव्हिजनची, म्हणजे वरच्या कोर्टाकडनं आदेश तपासून घ्यायच्या अर्जाची मुदत ९० दिवसांची, ती होऊन वर्ष गेलं, आता उशीर माफीपासनं सुरुवात करावी लागंल. अण्णा म्हणाले राहू दे. आजही विषय निघाला की ते एवढंच म्हणतात, "मला कुणी वाचून दाखवलंच न्हाई रं."

ते पोलीस ठाणं कुठलं, हवालदार कोण, ते मी लिहिणार नाही. त्यांनी मुद्दाम केलं का कामाच्या रगाड्यात केलं मला माहीत नाही. पण निळ्या बोटाचा तो कागद मी जपून ठेवलाय.

आता समरी म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यात बऱ्याच जणांना तो शब्दच पहिल्यांदा नोटिशीत दिसतो. तपास संपला की पोलिसांना कोर्टात अहवाल द्यावाच लागतो. गुन्हा झालाय आणि आरोपीविरुद्ध पुरावा आहे असं वाटलं तर चार्जशीट, नाहीतर समरी. आपल्या महाराष्ट्रात समरीचे तीन वर्ग आहेत. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही. ब समरी म्हणजे फिर्यादच खोटी, मुद्दाम त्रास द्यायला केलेली. आणि क समरी, जिला सगळे सी समरी म्हणतात, म्हणजे धड खरी नाही धड खोटी नाही, गैरसमजातनं झालेली किंवा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे. आपल्या द्राक्षवाल्यांच्या नशिबी बहुतेक वेळा ही सी समरीच येते, कारण व्यापाऱ्यानं माल नेला आणि पैसे दिले नाहीत हे ऐकलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी दावा करा. आणि ब समरीची नोटीस आली तर जास्त जागं व्हा, कारण फिर्याद खोटी ठरली तर उलट फिर्यादीवरच कारवाईची मागणी होऊ शकते.

हे तीनही वर्ग पोलिसांनी मागितलेले असतात, "समरी मंजूर होण्यास विनंती आहे" अशीच भाषा असते त्या अहवालात, नीट वाचा. विनंती. मंजूर करणारा दुसरा कोणतरी आहे म्हणून तर विनंती.

आणि हा जो मंजूर करणारा आहे त्याच्यापुढं रस्ते किती आहेत ते मला माझ्या केसमध्ये वकिलांनी समजावलं तेव्हा मी थक्क झालो होतो. न्यायाधीशांना पटलं तर ते समरी मंजूर करतात, केस बंद. तपास अपुरा वाटला तर पोलिसांना अजून तपास करा म्हणून परत पाठवू शकतात. आणि पोलिसांनी जमवलेले कागद आणि जबाब वाचून त्यांना वाटलं की अहो यात तर गुन्हा दिसतोय, तर पोलिसांचं मत बाजूला ठेवून ते स्वतः गुन्ह्याची दखल घेऊन आरोपीला समन्स काढू शकतात. शिवाय फिर्यादीनं जो विरोधाचा अर्ज दिलाय, त्याला वकील लोक प्रोटेस्ट पिटीशन म्हणतात, तो खाजगी फिर्यादीसारखा धरून फिर्यादीचा आणि साक्षीदारांचा शपथेवर जबाब घेऊन पण पुढं जाऊ शकतात.

एकच गोष्ट त्यांना करता येत नाही, पोलिसांना "चार्जशीट घालाच" असा हुकूम देता येत नाही. हे सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये अभिनंदन झा विरुद्ध दिनेश मिश्रा या केसमध्ये ठरवून दिलंय. तपास करून मत बनवणं हे पोलिसांचं काम, त्यांनी कुठलं मत द्यायचं हे कोर्टानं सांगायचं नाही. पण त्याच निकालात हे पण आहे की पोलिसांचं मत कोर्टावर बंधनकारक नाही, मॅजिस्ट्रेट स्वतः दखल घेऊ शकतात. मला हे फार बरोबर वाटतं. पोलिसाच्या हातातनं त्याचं काम काढून घेतलं नाही आणि कोर्टाचे हात पण बांधले नाहीत.

पुढं १९८९ ला इंडिया कॅरट विरुद्ध कर्नाटक सरकार म्हणून केस झाली, त्यात सुप्रीम कोर्टानं आणखी स्वच्छ सांगितलं की पोलिसांच्या अहवालात गुन्हा होत नाही असं लिहिलेलं असलं तरी तपासातल्या जबाबांवरनं मॅजिस्ट्रेट थेट दखल घेऊ शकतात, त्यासाठी फिर्यादीचा परत शपथेवर जबाब घेत बसायची सक्ती नाही. आणि ज्यांनी पोलीस गुन्हा घेईनात म्हणून आधी कोर्टात फिर्याद देऊन तपासाचा हुकूम मिळवला होता, त्यांच्यासाठी १९८० चा बैन्स केसचा निकाल आहे, पोलिसांनी नकारात्मक अहवाल दिला तरी तुमची मूळची फिर्याद मरत नाही, मॅजिस्ट्रेट तिच्यावर परत येऊ शकतात.

आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठा निकाल १९८५ चा, भगवंतसिंग विरुद्ध पोलीस आयुक्त. लग्न झालेली मुलगी जळून गेली आणि तो बाप शेवटपर्यंत लढला. त्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की पोलीस केस बंद करायला मागत असतील आणि मॅजिस्ट्रेटला ते मान्य करायचं असेल तर आधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकून घेतलंच पाहिजे. आज आपल्या घरी जी नोटीस येते ती त्या निकालामुळं येते. एका बापाच्या भांडणातनं आपल्याला मिळालेला तो हक्क आहे आणि आपण तो कपाटात ठेवतोय, मला याचं फार वाईट वाटतं.

पण त्या निकालात एक बारीक गोष्ट आहे जी आम्हाला जवळजवळ महागात पडणार होती. नोटीस मिळायचा हक्क सांगितलाय तो फिर्याद देणाऱ्याचा. बाकीचे ज्यांचं नुकसान झालंय ते कोर्टात हजर राहून आपलं म्हणणं मांडू शकतात, पण त्यांना नोटीस आलीच पाहिजे असं नाही. आता आपल्याकडं काय होतं, एका व्यापाऱ्यानं आठ-दहा जणांना फसवलं की एकाच्या नावानं फिर्याद होते आणि बाकीचे साक्षीदार. म्हणजे नोटीस एकाच घरी जाणार. तो माणूस दमलेला असला, परगावी असला, किंवा व्यापाऱ्यानं त्याच्याशी गुपचूप मिटवून घेतलं असलं तर बाकीच्यांना कळणार पण नाही की केस बंद झाली. म्हणून ज्यांची नावं साक्षीदारात आहेत त्यांनी फिर्यादीवर विसंबून राहू नका, ई-कोर्टच्या वेबसाईटवर केस नंबर टाकून बघत राहा, नाहीतर महिन्यातनं एकदा स्टेशनला जाऊन तपासी अंमलदारांना विचारा. २०२४ ला आलेल्या नव्या कायद्यात तर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आलाय ते फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असं लिहिलंय, मोबाईलवरनं कळवलं तरी चालतं, तेव्हा विचारायला लाजायचं कारण नाही.

आमचं २०२३ चं सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका व्यापाऱ्यानं आमच्या आणि शेजारच्या गावात मिळून आठ जणांचा माल उचलला. पहिल्या गाडीचे पैसे रोख दिले, दुसऱ्या गाडीचे अर्धे दिले, विश्वास बसला, मग तिसऱ्या-चौथ्या गाडीला सगळ्यांना चेक दिले आणि नंबर बंद करून गायब. आठ जणांचे मिळून २१ लाखांच्या वर. चेक टाकले तर शेरा आला, खातं बंद. जूनमध्ये गुन्हा दाखल झाला, फिर्यादी मी. वर्षभर तपास चालला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पोलिसांनी सी समरी पाठवली. कारण लिहिलेलं, आरोपीनं सुरुवातीला काही रकमा दिलेल्या आहेत, नंतर बाजारभाव पडल्यानं पैसे देऊ शकला नाही, सबब वाद दिवाणी स्वरूपाचा. नोटीस माझ्याकडं ऑक्टोबरमध्ये आली, ऐन फळछाटणीत. घरात मजुरांचा स्वयंपाक, इकडं पेस्ट लावायची घाई, आणि तारीख बारा दिवसांवर. खरं सांगतो, अण्णांचं झालं नसतं तर मी पण तो कागद कुठंतरी खोचून ठेवला असता.

अण्णाच म्हणाले, छाटणी मी बघतो, तू जा.

मी गेलो, वकीलपत्र दिलं, मुदत मागितली आणि सगळ्यात आधी समरी अहवाल आणि त्याबरोबरच्या सगळ्या कागदांच्या नकलांचा अर्ज केला. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन, आधी नकला घ्या. मिळाल्यावर वकील आणि मी दोन संध्याकाळ बसून पान न पान वाचलं. ४७ व्या पानावर बँकेचं पत्र होतं, पोलिसांनीच मागवलेलं. त्यात बँकेनं लिहून दिलेलं की हे खातं नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केलेलं आहे. आणि आम्हाला चेक दिलेत मार्च २०२३ मध्ये. म्हणजे ज्या दिवशी तो माणूस माझ्या बागेच्या बांधावर बसून, माझ्या घरचा चहा पिऊन चेक लिहीत होता त्या दिवशी त्याला माहीत होतं की हे खातंच नाही. मग बाजारभाव पडायचा काय संबंध? भाव पडला म्हणून चार महिने आधी खातं बंद होतं काय?

हे पत्र पोलिसांनीच मिळवलेलं होतं आणि त्याचं श्रेय मी त्यांना देतो, कुणीतरी कष्ट घेऊन बँकेला पत्र लिहिलं, उत्तर आणलं, फाईलला लावलं. पण शेवटचा निष्कर्ष लिहिताना ४७ वं पान कुणी उघडलं नाही. मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती हीच, पोलिसांनी जमवलेले कागद वेगळे आणि त्यावरनं त्यांनी काढलेला निष्कर्ष वेगळा. न्यायाधीशांवर निष्कर्षाचं बंधन नाही, कागद मात्र सगळे त्यांच्यापुढं असतात. तुमचं काम एवढंच की त्यांना पान नंबर दाखवायचा.

आमच्या म्हणण्यात आम्ही तेच केलं. पोलिसांना शिव्या नाहीत, "पैसे खाल्ले" असले आरोप नाहीत. पान ४७, बँकेचं पत्र. त्यानंतर वजनकाट्याच्या पावत्या कुठल्या कुठल्या गाडीच्या. मग असं की गाडीच्या ड्रायव्हरचा जबाब घेतलेलाच नाही, माल शेवटी कुठं उतरला ते त्यालाच माहीत. पॅकिंगला असलेल्या बायकांपैकी कुणाचा जबाब नाही, त्यांच्यासमोर व्यापारी म्हणाला होता की चेक आजच टाका. आणि शेजारच्या गावातल्या तिघांना त्याच बंद खात्याचे चेक दिलेत, म्हणजे एकाशी झालेली गफलत नाही, ठरवून केलेलं आहे. एवढं साडेतीन पानांत बसलं.

मग तारखा पडत गेल्या, त्याबद्दल काय लिहू, तुम्हाला माहीत आहे. जून २०२५ मध्ये न्यायाधीश मॅडमनी आदेश केला. समरी नामंजूर, पोलिसांच्याच कागदांवरनं ४२० च्या गुन्ह्याची दखल घेतली आणि आरोपीला समन्स काढलं. आमची केस जुनी म्हणून जुन्या कायद्याच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९० खाली झालं. १ जुलै २०२४ पासनं नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात नंबर बदललेत, जुनं १९० ते आता २१०, पोलीस अहवालाचं १७३ ते आता १९३, तपासाच्या हुकमाचं १५६(३) ते १७५(३), आणि खाजगी फिर्यादीचं २०० ते आता २२३. त्या २२३ मध्ये एक नवी भर आहे, खाजगी फिर्यादीवर दखल घ्यायच्या आधी आरोपीला पण ऐकून घ्यायचं. म्हणून शक्य असेल तर पोलिसांच्याच कागदांवरनं दखल घ्यायला सांगावं असं आमच्या वकिलांचं मत, पण तुमचे कागद कसे आहेत त्यावर ते ठरणार, वकिलांना विचारा.

समन्स म्हणजे शिक्षा नव्हे हे मात्र मनात पक्कं ठेवा. नोएडाच्या आरुषी केसचं आठवत असंल. डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयनं केस बंद करायचा अहवाल दिला, गाझियाबादच्या कोर्टानं फेब्रुवारी २०११ मध्ये तो नाकारून आईवडिलांनाच आरोपी म्हणून बोलावलं, सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये कोर्टाला तसं करता येतं असं म्हटलं, २०१३ मध्ये शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं दोघांना निर्दोष सोडलं. म्हणजे सीबीआयसारख्या संस्थेचं मत पण कोर्टावर बंधनकारक नाही हे त्यातनं दिसतं, आणि दखल घेणं म्हणजे माणूस दोषी ठरणं नाही हे पण त्यातनंच दिसतं. हा अधिकार जड आहे. न्यायाधीश तो जपून वापरतात यात मला काही गैर वाटत नाही, कारण उद्या तुमच्या-माझ्यावर कुणी खोटी फिर्याद केली तर आपल्याला पण वाटेल की साहेबांनी सगळे कागद वाचूनच समन्स काढावं.

त्यामुळंच हे पण स्पष्ट लिहितो की प्रत्येक सी समरी चुकीची नसते. आमच्याच गावात एकाचे दीड लाख अडकलेत, पण त्याचा व्यापारी दहा वर्षं जुना, त्या साली माल बाजारात सडला, तो खरोखर बुडाला, अजून घरी येऊन पाच-दहा हजार देऊन जातो. त्याला आम्ही सांगितलं की तुझी समरी बरोबर आहे, दावा कर नाहीतर असंच वसूल कर. सुप्रीम कोर्ट वारंवार सांगतंय की पैसे वसुलीसाठी फौजदारी केसचा वापर करू नका, २०२५ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातल्या केसमध्ये त्यावरनं पोलिसांना चांगलंच फटकारलं. दुसरीकडं १९९९ च्या राजेश बजाज केसमध्ये त्याच कोर्टानं हे पण सांगितलंय की व्यवहार व्यापारी आहे एवढ्यावरनं फसवणूक झालीच नाही असं म्हणता येत नाही. फरक कशात, तर सुरुवातीपासनं फसवायचा हेतू होता का नंतर अडचण आली. खातं आधीच बंद, नाव खोटं, पत्ता खोटा, एकाच वेळी अनेकांना तसंच गंडवलं, माल घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन बंद, असलं काही तुमच्याकडं असंल तर ते हेतूचं आहे. तेच शोधा आणि तेच मांडा. नुसतं "माझे पैसे दिले नाहीत" एवढ्यावर कोर्ट पण काही करू शकत नाही.

चेकचा रस्ता वेगळा आहे, तो याच्यात मिसळू नका. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासनं ३० दिवसात नोटीस, मग १५ दिवस वाट, मग महिन्याच्या आत केस. फसवणुकीचा गुन्हा दाखल केलाय म्हणून ती मुदत थांबत नाही. आमच्यातल्या दोघांची ती हुकली.

खर्चाचं विचारतात सगळे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे, जिल्ह्याचं आणि तालुक्याला समिती पण असते, फोन नंबर १५१००. बायकांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं आहे. ज्या ताई, मावशी नवरा गेल्यावर एकट्या बाग बघतायत आणि व्यापारी "मालकाशी व्यवहार झाला होता, तुमच्याशी नाही" म्हणून तोंडावर सांगतो, त्यांनी हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि ज्यांची समरी मंजूर होऊन गेलीय, त्यांनी आदेशाची तारीख बघा, ९० दिवस झाले नसतील तर सांगलीला विजयनगरच्या जिल्हा कोर्टात रिव्हिजन करता येते, तुम्हाला नोटीसच मिळाली नव्हती असं असंल तर तो मुद्दा मोठा आहे, वकिलांना पहिल्यांदा तोच सांगा. त्याच्या पुढं हायकोर्टात जायची वेळ आली तरी आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासनं कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्याच्यात आहे. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी धारेला घरी येता येतं.

बांधावर कुणी सहीला कागद आणला तर एवढं करा. नोटीस मिळाली एवढीच सही करा, तारीख आणि वेळ घाला. दुसरा कुठलाही कागद असंल तर म्हणा, ठेवून जावा साहेब, वाचून कोर्टात उत्तर देतो. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी चालेल. पोरगं शाळेत जात असंल तर त्याला वाचायला सांगा, शेजाऱ्याला हाक मारा, फोटो काढून ग्रुपवर टाका, पण वाचल्याशिवाय सही नको.

आमची केस अजून उभीच आहे. आरोपीनं जामीन घेतला, समन्सच्या आदेशाविरुद्ध सांगलीला रिव्हिजन केलीय, ती चालू आहे, पैसे एक रुपया पण आलेला नाही हे पण खरं. पण आठही जण तारखेला येतात. मागच्या तारखेला अण्णा पण आले होते, पहिल्यांदाच. पुकारा झाला, माझं नाव घेतलं, मी उठलो तर मागनं अण्णा पण उठून उभे राहिले, शिपाई म्हणाला आजोबा बसा, तर म्हणाले असू दे, उभाच राहतो.

पुढची तारीख दुसऱ्या आठवड्यात आहे. त्या दिवशी मी दहापासनं कोर्टाच्या आवारातच असणार आहे. ज्यांच्या घरी समरीची नोटीस पडून आहे त्यांनी ती घेऊन या, आमचे वकील वाचून सांगतो म्हणालेत, त्याचे पैसे घेणार नाहीत. सौद्यात भेटलेले ते काका, तुम्ही हे वाचत असाल तर तुमची तारीख कधीची आहे ते आज रात्री कपाट उघडून बघा आणि मला फोन करा.

तुमचाच,
एक द्राक्ष बागायतदार, सांगली जिल्हा